उलट्या वेढ्यांची जिग

४ मार्च, मंगळवार

वही घेऊन पंधरवडा झाला. रोज रात्री उशाशी घेतो आणि सकाळी कोरीच उचलून ताईच्या कपाटावर ठेवतो. आज लिहितोय, कारण हे कुणाला सांगता येत नाहीये.

काल रात्री बेडोक जेट्टीवर मासे धरायला बसलो होतो. ताईचं घर चोआ चू कांगला, म्हणजे बेटाचं एक टोक ते दुसरं टोक. शेवटच्या ट्रेनने जायचं, पहिलीने परत यायचं. जीजू म्हणतात, "इतका वेळ नोकरीला दिला असतास तर एव्हाना पीआर मिळून इथला कायमचा रहिवासी झाला असतास." बरोबर आहे त्यांचं.

घरी बांधलेल्या जिग नेल्या होत्या. शिशाचं डोकं ओतलेली गरी, मागे दोऱ्याचे वेढे घालून बांधलेली पिसं, पुढे फिरणारी पत्र्याची पाती. अंधारात पाती गरगरते आणि जिताड्याला वाटतं पिल्लू पळतंय. पाती कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याची. पिसं ताईच्या डस्टरची, हे तिला अजून माहीत नाही.

काही लागलं नाही. पहाटे सामान आवरताना कठड्याला एक जिग लोंबताना दिसली. कुणीतरी विसरलं असेल म्हणून खिशात टाकली.

ट्रेनमध्ये उजेडात पाहिली. दोऱ्याचे वेढे उलटे.

५ मार्च

काल लिहिता लिहिता तिथेच थांबलो. सरळ लिहितो.

बाबा रेवदंड्याला अंगणात बसून गऱ्या बांधतात. मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो. दादा समोर बसायचा, आम्ही सगळे बसतो तसा एक पाय लांब सोडून, त्यांच्या हातांकडे बघत, म्हणून तो आरशातल्यासारखा उलटा शिकला. वेढे उलटे, आणि शेवटची गाठ वर न ठेवता पातीच्या खाली सरकवलेली. बाबा चिडायचे. दादा म्हणायचा, "मासा काय वेढे बघून चावतो?" आमच्या आळीत असं बांधणारा तो एकटाच.

दादा इथेच होता. समोर नांगरून पडलेल्या जहाजांना सामान पोचवणाऱ्या बोटीवर. तीन वर्षांपूर्वी एका रात्री बोटीवरून नाहीसा झाला. शोधलं म्हणतात. कपड्यांची बॅग घरी आली, तो नाही.

जेट्टीवर बसलं की त्या जहाजांचे दिवे दिसतात. गावच वसलंय पाण्यावर असं वाटतं. फक्त आवाज नाही.

कालच्या गरीला गंज नव्हता. खाऱ्या हवेत गरी दोन दिवसांत तांबडी होते.

७ मार्च, शुक्रवार

वहिनीचा फोन. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होतो. (इथे बांबूवर घालतात, खिडकीबाहेर. माझी एक लुंगी कालच खालच्या मजल्यावर गेली. आणायला गेलो तर चिनी आजींनी घडी करून दिली.)

तर वहिनी. विधी १६ तारखेला, रविवारी. देह मिळाला नाही म्हणून दर्भाचा माणूस करायचा, त्यालाच अग्नी द्यायचा. भटजींनी सांगितलंय. अग्नी मी द्यायचा, धाकटा भाऊ. माझं तिकीट १४ चं आहे.

म्हटलं, "वहिनी, थोडं थांबलो तर?"

"किती थांबू, भावजी? रोज सकाळी आरशासमोर उभं राहून कुंकू लावायचं का नाही ते ठरवायचं. कंटाळा आलाय मला. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. मधलं नको."

मी म्हटलं, हो.

खिशात जिग होती. पिसं ओली लागली हाताला. चार दिवस घरात आहे, ओली कशी राहील? घाम असेल.

९ मार्च, रविवार

रात्री मुद्दाम एक काम केलं. माझी एक जिग कठड्याला तिथेच बांधली, लाल दोऱ्याची, माझ्या सुलट्या वेढ्यांची. मग हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, चहा प्यायला गेलो. चहाबरोबर 'मी गोरेंग', म्हणजे परतलेल्या नूडल्स, खाल्ल्या. शेजारी दोघं जण फुटबॉलवरून भांडत होते, ते ऐकत बसलो. उशीर झाला.

परत आलो तर माझी जिग नाही. त्याच जागी दुसरी. निळा दोरा. वेढे उलटे. गाठ पातीच्या खाली.

जेट्टीवर रोज येणारे एक मलाय अंकल आहेत. त्यांना विचारलं, इथे कोण होतं? ते गळावरून नजर न काढता म्हणाले, "युअर फ्रेंड, लाह. सेम लाइक यू सिट. वन लेग लाँग-लाँग."

"कुठे गेला?"

त्यांनी जेट्टीच्या शेवटाकडे मान हलवली. तिकडे फक्त पाणी.

जेट्टीला एकच वाट आहे. त्याच वाटेने मी येत होतो. समोरून कुणी आलं नाही.

१० मार्च

ताईला डस्टर सापडलं. म्हणजे दांडा सापडला.

"पप्या, हे काय आहे?"

"डस्टर."

"हे डस्टर आहे?"

मग सगळं सांगितलं. ताई माझ्या मावशीची मुलगी, दादाच्याच वयाची. दोघं लहानपणी एका ताटात जेवलेली. तिने ती जिग हातात घेऊन गाठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "तूच बांधतोस. झोपेत. लहानपणी झोपेत चालायचास तू."

मलाही तेच वाटून गेलं होतं. म्हणून दोघांनी मिळून घर शोधलं. शिवणाचा डबा, जीजूंचं हत्यारांचं कपाट, माझी बॅग. निळा दोरा कुठेच नाही. मी उलटे वेढे घालून पाहिले, ताईसमोर. तिसऱ्या वेढ्याला हात आपोआप सुलटा होतो.

ताई म्हणाली, "वहिनीला यातलं अक्षर बोलू नकोस. ती कशीबशी उभी राहिलीये."

११ मार्च

झोप नाही. डोकं एकाच गोष्टीभोवती फिरतंय.

समोर बसून शिकला की उलटं येतं. दादासमोर बसून कुणी शिकलं असतं तर उलट्याचं उलट, म्हणजे सुलटं झालं असतं. उलटंच यायचं तर शेजारी बसावं लागेल. मांडीला मांडी लावून, खूप दिवस. म्हणजे बांधणारा एक तर दादा, नाहीतर दादाच्या शेजारी बसलेला कुणीतरी. आणि बसला तो कधी? आधी की नंतर?

जिवंत माणसाचा दर्भाचा पुतळा जाळला तर त्याला तिकडे काय होतं? हे कुणाला विचारायचं. भटजींना विचारलं तर ते दक्षिणा वाढवतील.

आणि नाही जाळला, आणि तो खरंच गेलेला असला, तर? मग हे त्याचंच चाललंय का, कठड्याला एकेक अडकवत?

दुपारी लिटिल इंडियात गेलो, ताईला नवं डस्टर घ्यायला. पिसांचं मिळालं नाही, प्लॅस्टिकचं घेतलं. मिठाईच्या दुकानासमोर उभं राहून वहिनीला फोटो पाठवला. निळ्या दोऱ्याच्या जिगचा. खाली काही लिहिलं नाही. ताईचं ऐकायला हवं होतं, पण हो किंवा नाही मी एकट्याने कसं ठरवणार? नवरा तिचा आहे.

निळ्या खुणा लगेच आल्या.

१२ मार्च

सकाळी वहिनीचा मेसेज. "शेवटची गाठ दाखवा. जवळून."

खिडकीपाशी नेऊन काढला, पाठवला. पुन्हा पाहिलं तिने. फोन केला तर बंद.

फोटो पाठवल्याचं ताईला सांगितलं तर ती भाजी चिरत राहिली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१४ मार्च, शुक्रवार

विमान गेलं. मी नाही गेलो. बॅग भरली होती, चांगी विमानतळाला जाणाऱ्या ट्रेनमध्येही बसलो होतो. बेडोकला दार उघडलं आणि उतरलो.

बाबांना प्लॅटफॉर्मवरूनच फोन केला. येत नाही, एवढं सांगितलं. ते म्हणाले, "अग्नी मी देऊ का मग? बापाने पोराला?"

जिगबद्दल सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पिसं कसली आहेत?"

ते मी पाहिलंच नव्हतं. पाहिलं. कोंबड्याची नाहीत. पांढरी, लांब, समुद्रपक्ष्याची असावीत. अशी पिसं किनाऱ्यावरून वेचून आणायचा तो दादाच. बाबांनी फोन ठेवला.

रात्री कठड्याला काही नव्हतं.

१५ मार्च, शनिवार

जेट्टीवर बसून लिहितोय, मोबाइलच्या उजेडात. उद्या विधी. बाबांनी रद्द केला की नाही, माहीत नाही. घरी कुणी फोन उचलत नाही. वहिनीचा अजून बंद.

ताई आज विचित्र वागली. निघताना डब्यात पोळी-भाजी दिली, दोघांची. म्हटलं एवढं कुणाला? "असू दे," म्हणाली.

आज गळ टाकलाच नाही. नुसता बसलोय. मलाय अंकल मघाशी गेले, जाताना म्हणाले, "टुनाइट डोंट फिश, हा. वॉटर नो गुड." पाणी बशीतल्यासारखं आहे. जहाजांचे दिवे त्यात लांबच लांब उतरलेत, हललेत म्हणून नाहीत.

शेवटचा दिवा बंद आहे, जेट्टीच्या टोकाचा. त्याखाली कुणीतरी बसलंय. मी आलो तेव्हा नव्हतं. माझ्याजवळून कुणी गेलेलं नाही.

पाठमोरा आहे. एक पाय लांब सोडलेला. हात हलतायत, दोन्ही, गोल, सारखे. काहीतरी गुंडाळतोय. कुठल्या बाजूने ते इथून दिसत नाही. उठून गेलो तर दिसेल. उठवत नाही.

हाक मारावी का? दादा म्हटलं आणि त्याने मान वळवली तर. आणि नाही वळवली तर.

ताईचा फोन. आधी रडत होती. वहिनीचा व्हिसा ताईनेच काढून दिला म्हणे, फोटो पाहून त्याच दिवशी वहिनीने मागितला, मला सांगायचं नाही असं कबूल करून घेतलं. आज संध्याकाळच्या विमानाने वहिनी आली. ताईच्या घरी गेलीच नाही, चांगीवरून टॅक्सी करून थेट इकडे. "मी स्वतः बघेन आणि मग ठरवेन, असं म्हणाली. पप्या, ऐकतोयस ना?"

टोकाशी बसलेल्याचे हात थांबलेत.

मागे जेट्टीच्या तोंडाशी टॅक्सीचं दार वाजलं. वहिनी आलीये. चपला हातात घेऊन सरळ टोकाकडे चालतेय, माझ्याकडे बघत नाहीये.