ती माझी मामेबहीण नव्हे

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा शर्ट-पँट शिवण्याचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. मला विसरण्याचा आजार असल्याचे निदान चार महिन्यांपूर्वी झाले. आज माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढे ते ठिकाणावर राहील याची हमी नाही, म्हणून ही घाई.

१. दुकान, त्यावरच्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक मी मास्तरणीला देते. मास्तरीण म्हणजे शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेली, एकतीस वर्षे माझ्यासोबत राहणारी बाई. ती माझी जोडीदार आहे. हे वाक्य मी कागदावर प्रथमच लिहीत आहे, याची नोंद घ्यावी.

२. लोकांना आम्ही ती माझी मामेबहीण असल्याचे सांगत आलो. तसे सांगितले नसते तर पहिली खोली भाड्याने मिळाली नसती. गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा नर्सने विचारले, "आजी, सोबत कोण आलंय?" मी पटकन म्हणाले, "मामेबहीण." मला काही लपवायचे नव्हते, जिभेला तसे वळण पडले होते. नर्सने तेच लिहून घेतले आणि मास्तरणीला बाहेर बसायला सांगितले. घरी येताना मी रडले. मास्तरीण म्हणाली, "अगं, एकतीस वर्षं घोकलंस, येणारच ना तोंडात."

३. तेव्हा सर्वांना बजावून सांगते, की पुढे मी तिला मामेबहीण, भाडेकरू किंवा परकी म्हणाले, तरी ते माझे म्हणणे समजू नये. ते जुने खोटे आहे. खरे विसरल्यावरही तेवढे मागे उरेल, याची मला भीती वाटते. ज्या देखभालगृहात मला ठेवाल तिथे तिला माझ्या उशाशी बसू द्यावे, माझ्याबाबतचा प्रत्येक निर्णय तिला विचारून घ्यावा, आणि तिने माझा हात धरला तर कोणी भुवया उंचावू नयेत. मला गाऊन घालू नये. मी सहा शर्ट शिवून ठेवले आहेत, त्यांना पुढे खिसा आहे आणि बटणांऐवजी चिकटपट्टी आहे, म्हणजे घालणारीलाही त्रास नको. वकीलबाई म्हणाल्या, "हे मृत्युपत्रात बसत नाही. जिवंतपणीच्या सोयीचा कागद वेगळा करा." तोही केला आहे. इथे पुन्हा लिहिते, कारण जिथे ताण येतो तिथे मी नेहमीच दुहेरी शिवण मारली.

४. शिवणयंत्र आणि मोठी कात्री दुकानात काजे-बटणे करणाऱ्या बाईंना द्यावी. त्या कात्रीने कागद कापला तर मी परत येईन.

५. थोरल्या भावाने "तू आम्हाला मेलीस" म्हणून मला घराबाहेर काढले होते. त्याला आमच्या घरातला दुसरा पलंग द्यावा. तो पाहुण्यांना दाखवण्यापुरता घेतला होता. त्यावर एकदाही कोणी झोपलेले नाही, गादी कोरी आहे. त्याच्या मुलीने, म्हणजे माझ्या पुतणीने, मात्र कधी तोंड फिरवले नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी. माझा राखाडी कोट तिला द्यावा. बाह्या तिच्या मापाच्या करून ठेवल्या आहेत.

६. दुकानाच्या, बँकेच्या, घराच्या, आजवरच्या माझ्या प्रत्येक कागदावर मास्तरणीने साक्षीदार म्हणून सही केली. आजही ती पेन घेऊन तयार होती. वकीलबाईंनी तिला थांबवले, कारण ज्याला मिळते त्याने साक्ष द्यायची नसते. म्हणून या क्षणी ती दाराबाहेर खुर्चीवर बसली आहे. दवाखान्यात तिला बहीण म्हणून बाहेर बसवले होते. आज ती माझी वारस म्हणून बाहेर बसली आहे. सही झाली की मी स्वतः जाऊन तिला आत आणणार आहे.

लिहून ठेवणारी : (सही)

साक्षीदार :
१. आमच्या नेहमीच्या डॉक्टर (सही)
२. समोरचे औषधवाले (सही)

स्थळ : दुकानावरची पुढची खोली
दिनांक : ९ ऑक्टोबर, मंगळवार. कॅलेंडर न पाहता लिहिला, दोघा साक्षीदारांनी पडताळला, बरोबर आहे.