टाकीवर आईचं नाव

२ जानेवारी, सकाळी ६
यंदाचा संकल्प: अहंकार शून्य. आमच्या प्रार्थना मंडळाने नाल्यापलीकडच्या वस्तीची जलसेवा माझ्यावर, म्हणजे सचिवांवर, सोपवली आहे. प्लॅन तयार. एक पाण्याची टाकी, चार शौचालयं. मार्चपर्यंत फत्ते. एप्रिलच्या वार्षिक सभेत नवा अध्यक्ष निवडायचा आहे. मला पदाचा मोह नाही. पण आग्रह झालाच तर आढेवेढे घ्यायचे नाहीत. सौ.ला अहंकाराचं सांगितलं. म्हणाली, आता हे गावभर सांगत सुटू नका.

५ जानेवारी
भांडी घासायला येणारी मावशी त्याच वस्तीतली. तिच्याकडून ग्राउंड लेव्हलची माहिती काढली. म्हणाली, पाण्याचं आम्ही लांबून आणून कसंतरी भागवतो, आधी संडास बघा साहेब. तिची मुलगी तेरा वर्षांची. उजाडायच्या आत झुडपांमागे जाऊन येते, मग थेट अंधार पडल्यावर. शाळेतल्या संडासाला दार नाही. मधल्या वेळात अडचण नको म्हणून पोरगी पाणीच पीत नाही. पोटात दुखतं म्हणते. ऐकून मला भरून आलं. प्रार्थनेच्या पुस्तकावर हात ठेवून शब्द दिला की आधी शौचालयंच. सौ.ने पुस्तकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

१९ जानेवारी
देणगीदारांच्या गाठीभेटी. प्रत्येकाच्या वाडवडिलांच्या स्मरणार्थ संगमरवरी पाटी लावायची, ही आयडिया माझी. कापडवाल्याने वडिलांच्या नावे टाकी दिली. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याच्या नावे टाकी दिली. त्यांना शौचालय सुचवून बघितलं. आतून येऊ घातलेला चहा आलाच नाही. कंत्राटदार म्हणाला, वडिलांनी आयुष्यभर मान खाली घातली नाही, आता लोकांनी त्यांच्या नावाखाली रोज बसायचं का. मुद्दा बिनतोड होता.

३ फेब्रुवारी
टाक्या चार. शौचालयं शून्य. आता आपणच आदर्श घालून द्यायचा. पहिलं शौचालय माझ्या आईच्या नावे. ठरलं. देवापुढे बोललो.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी
दादाला फोन केला. दादा म्हणाला, आई तुझी एकट्याची नव्हती, जीभ झडत नाही का तुझी. वहिनी मागून काय म्हणाली ते लिहीत नाही. शांतपणे विचार केला. आई आल्यागेल्याला आधी पाणी विचारायची. तेव्हा टाकीच योग्य. पाच झाल्या.

२० फेब्रुवारी
काम झपाट्याने. नाल्याकाठची झुडपं तोडून जागा चकाचक केली. पाचही टाक्या तिथेच ओळीने. पाट्या रात्रीही वाचता याव्यात म्हणून मोठा दिवा बसवला. बायका घोळक्याने बघत उभ्या होत्या. आनंद चेहऱ्यावर दिसला नाही. आत असणार.
मावशी म्हणाली, साहेब, आम्ही त्या झुडपांमागेच जात होतो, आता त्या उजेडात कुठे बसायचं. तिला फेज टू, म्हणजे शौचालयं पुढच्या टप्प्यात, समजावून सांगितला. मग विचारते, तोवर आमची पोरगी तुमच्या मागच्या संडासात जाऊन आली तर चालेल का. मागचा संडास आम्ही वापरत नाही. पण तिथे मंडळाच्या ‘शुद्ध जल, शुद्ध मन’ पत्रकांची खोकी आहेत. शिवाय आज एकीला हो म्हटलं की उद्या रांग लागणार. विचार करतो म्हणालो. केलाही. प्रार्थनेत मार्ग मागितला. स्पष्ट असं काही आलं नाही.

१० मार्च
उद्घाटन. पहिला ग्लास मावशीच्या मुलीने प्यायचा, ही कल्पनाही माझीच. प्रत्येक देणगीदाराला आपल्या टाकीशी फोटो हवा, त्यामुळे पाच ग्लास. मुलीने दर वेळी पाणी तोंडात धरलं, फोटो झाला की टाकीमागे जाऊन थुंकली. पाहुण्यांच्या नजरेतून सुटलं नाही. तिला कृतज्ञतेविषयी चार शब्द सांगितले. मावशी मध्येच म्हणाली, प्यायली तर जावं लागेल, आणि जायचं कुठे. सगळ्यांसमोर. मी विषय भक्तीकडे वळवला. आमचे खजिनदार गालात हसत होते. त्यांचाही डोळा अध्यक्षपदावर आहे. माझं तसं नाही.

१ एप्रिल
मावशीची मुलगी हॉस्पिटलात. लघवी तुंबवून तुंबवून इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं. प्रार्थनेचं पुस्तक आणि पत्रकं घेऊन भेटायला गेलो. डॉक्टरने मलाच विचारलं, तुमच्या वस्तीत पाणी नाही का. मी पाच टाक्यांचे फोटो दाखवले. तो फोटो पुरते न बघताच पुढच्या खाटेकडे वळला.
मुलगी माझ्यादेखत चार ग्लास पाणी प्यायली. साधं नळाचं. आमचं फिल्टरचं असून थुंकली होती. मावशीला कारण विचारलं. तिने हनुवटीने वॉर्डाच्या टोकाचं दार दाखवलं. त्याला आतून कडी आहे, म्हणाली. मुलीने मला विचारलं, इथे अजून थोडे दिवस राहता येईल का. मला उगाच कसंतरी झालं. उन्हाचा त्रास असावा.

३ एप्रिल
उद्या डिस्चार्ज. मावशीने पुन्हा मागच्या संडासाचं विचारलं. हो म्हणालो. मनापासून म्हणालो. घरी येऊन सौ.ची परवानगी मागितली. म्हणाली, मी कधी नाही म्हटलं होतं? खोकी उचला की. पण रविवारी वार्षिक सभा, पत्रकं तिथे वाटायची आहेत. दोनदा हलवाहलव कशाला. मावशीला सांगितलं, सोमवारपासून नक्की.

७ एप्रिल
खजिनदार अध्यक्ष. बिनविरोध. मी फेज टू मांडला. त्यांनी एवढंच विचारलं, पहिल्या शौचालयावर कोणाचं नाव घालायचं. कोणी पंख्याकडे बघू लागलं, कोणी घड्याळाकडे. मीही चपलांकडे बघत होतो. आभारप्रदर्शन माझ्याकडे आलं. चांगलं झालं असं दोघे म्हणाले. पत्रकं कोणी घेतली नाहीत. खोकी परत आणून जागच्या जागी ठेवली. कंबर धरली आहे. दोन-चार दिवसांनी बघू.

१६ एप्रिल
मावशीचा खाडा. मुलगी पुन्हा हॉस्पिटलात म्हणे. भांडी मी घासतो आहे. सेवाच ती.

२८ एप्रिल
आज संकल्प वगैरे न करता खोकी बाहेर काढली. मागचा संडास स्वतः घासला. नवी कडी बसवली, साबण ठेवला. सौ. दारात उभी राहून बघत होती, एकदाही टोकलं नाही. मावशीच्या शेजारणीबरोबर निरोप धाडला की जागा तयार आहे, पोरीला कधीही पाठव.
संध्याकाळी शेजारीण उत्तर घेऊन आली. मावशी म्हणाली, साहेबांना सांग, आता नको. दोन्ही किडन्या गेल्या. लघवी होतच नाही, मशीनवर ठेवतात. डॉक्टरांनी दिवसाला एवढासा कप पाणी ठरवून दिलं आहे. पोरगी सारखी पाणी मागते आणि कोणी द्यायचं नाही.