डावा कोपरा

३ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळी शेडमध्ये गेलो तर बस डावीकडे कललेली. मागचा डावा कोपरा चार बोटं खाली. काल दसऱ्याला पूजा केली तेव्हा ताठ उभी होती. इंजिन चालू केलं, हवेचा काटा सातवर गेला, तरी कोपरा उठेना. खालून नुसतं सुस्सऽ.

चौदाला आरटीओचं पासिंग. अकरा दिवस.

पास झाली नाही तर शांतीशेठ बस भंगारात देणार. त्याच्या वडिलांची बस ही. कपड्याचं दुकान सोडून म्हाताऱ्याला वऱ्हाडाच्या गाडीची हौस आली होती. पुढे स्प्रिंगचे पाटे, मागे स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे. तीस वर्षांपूर्वी लोणखेड्यातली माणसं मडगार्डखाली वाकून त्या फुग्यांचा आवाज ऐकायची. आता मी एकटाच ऐकतो.

आणि माझंही अडकलंय. काल संदीप सुरतहून फोनवर म्हणाला, "पप्पा, बस पास व्हयनी तं मी काहीच बोलाव नई. नई व्हयनी तं शेडले कुलूप, तुम्ही दोन्ही आठे सुरतले या." शेठ समोर बसलेला. मी म्हणालो, मंजूर. एसटी डेपोत चौतीस वर्षं गाड्या पास करून घेतल्या, ही काय होणार नाही? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

४ ऑक्टो., शनि.
साबणाचं पाणी करून डाव्या फुग्यावर मारलं. दोन ठिकाणी बुडबुडे. रबर तडकलंय. सापडलं.
सौ.ला सांगितलं, अर्ध्या तासात सापडलं. ती म्हणाली, "बरं." एवढंच.
शेठला फोन. नवा फुगा मागवला.

६ ऑक्टो., सोम.
फुगा बसवला, बाहेरून हवा भरली. बस उठली. दहा मिनिटं उभी राहिली. मी हात धुतले, चहा घेतला, मागे वळून बघतो तर म्हशीसारखी हळूच खाली बसतेय.
चहा अर्धा टाकला.

७ ऑक्टो., मंगळ.
पाइपावर संशय. उंदरांनी कुरतडला असणार. अख्खा पाइप बदलला. जुना नीट पाहिला, उंदराचा दात कुठेही नाही. उंदरांची माफी मागायला हवी.

तपासणीसाठी सौ.ला मागच्या सीटवर बसवलं, शेजारी पाण्याचा ग्लास. पाणी कललं की हाक मार म्हटलं. ती मेथीची जुडी घेऊन आली. मी खाली. वीस मिनिटं हाक नाही. बाहेर येऊन बघतो तर बस बसलेली, ग्लास रिकामा.
"तहान लागनी," म्हणाली.

८ ऑक्टो., बुध.
रमेश आला. डेपोत माझ्या हाताखाली पंधरा वर्षं होता, आता बायपासला स्वतःचं गॅरेज आहे. वाकून पाहिलंही नाही, उभ्यानेच म्हणाला, "नाना, लेव्हलिंग व्हॉल्व देखा का?"

लेव्हलिंग व्हॉल्व म्हणजे फुग्याचा मुनीम. कोपरा खाली गेला की त्याची दांडी हलते, हवा भरतो. वर आला की सोडतो. रमेशला हे मीच शिकवलं.
"तो मी सोता बसाडेल शे. गनपतीमां."
"तरी एकदाव देखी ल्या."
"तू माले शिकाडस का?"
रमेश चहा पिऊन गेला. गाडीला किक मारताना म्हणाला, "काही लागनं तं सांगज्यात."
जास्तच बोललो.

९ ऑक्टो., गुरु.
मागे सगळं नवं, तरी कलते. म्हणजे दोष मागे नाहीच, पुढे असणार. पुढचे डावे पाटे उतरवले. दिवस गेला, पाठ गेली. दुसरा पाटा मधोमध तडकलेला निघाला. हा पासिंगला नक्की पकडला गेला असता. चुकीच्या वाटेने गेलो म्हणून खरी खोट सापडली. हे कुणाला सांगू नये.

संदीपचा फोन. नवव्या मजल्यावरची खोली आमच्यासाठी रंगवली म्हणे. सौ. बराच वेळ नातवाशी बोलत होती. तिला तिकडची ओढ आहे. मीच तिला इथे अडवून धरलंय असं वाटतं. मला सुरतची भीती वाटते. तिथे कुणी मला काही विचारणार नाही. इथे निदान बस तरी त्रास देते.

१० ऑक्टो., शुक्र.
पाटा बसला. आता पुढून सरळ, मागून वाकडी. आधी बरी दिसत होती.

दुपारी शांतीशेठ आला. भोवती एक चक्कर मारून म्हणाला, "नाना, दुकानमां तराजू वाकडा ऱ्हायना तं आम्ही हलका पारडामां वजन टाकीसन धडा करतस. आठे बी धडा करू." तासाभरात ज्वारीची चार पोती घेऊन आला आणि उजव्या बाजूच्या शेवटच्या सीटवर टाकली. बस सरळ! शेठ लांब उभा राहून एक डोळा मिटून बघत होता.
"साहेबले काय समजाव शे? पोतासवर चादर टाकी दिसूत."
दोन मिनिटांत उजवीकडे खालून टकटक झालं, हवा भरली, आणि पोत्यांसकट उजवी बाजू वर उचलली गेली. बस पुन्हा कलती.
"हाई काय?" शेठ.
"उजवा व्हॉल्व शे. प्रामाणिक शे."
बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. उजवा आपलं काम करतोय. डावा करत नाही. म्हणजे...
पोती उतरवली. शेठला म्हटलं, उद्या बघतो. आज बघायचं धाडस नव्हतं.

११ ऑक्टो., शनि.
चष्म्याला मागून दोरी बांधली, टॉर्च घेतला, खाली शिरलो. इतके दिवस बिनचष्म्याचाच शिरत होतो, तो नाकावरून घसरतो म्हणून.

पासिंगसाठी खालचा सगळा सांगाडा मीच लाल रंगवलाय. त्या लालात डाव्या व्हॉल्वच्या दांडीला लाल नाडा. सात वेढे. वर कुंकू, वर ग्रीस, वर धूळ. दांडी शेजारच्या ब्रॅकेटला अशी आवळलेली की हलायची सोय नाही. हवा सोडायच्या जागी अडकलेली. भरली तेवढी सोडत होती बिचारी.

नाडा मीच बांधला. दसऱ्याला. यंदा सगळ्यात जास्त मेहनत त्या व्हॉल्ववर घेतली, म्हणून खास त्याची पूजा. हळद, कुंकू, फूल. हातांनी चाचपत बांधला, वर मनात म्हणालो होतो, बाबा, नीट काम कर.
देवानेसुद्धा कपाळाला हात लावला असेल.

कात्रीने कापला. टक झालं, हवा शिरली, कोपरा सावकाश वर. सौ. मागच्या सीटवर होती.
"काय व्हयनं?"
"काही नई. व्हॉल्व साफ कया."
नाडा खिशात टाकला.

१२ ऑक्टो., रवि.
सकाळी बघितलं, बस सरळ. एक रात्र, एक बोटभरही खाली नाही.
रमेशला फोन केला. म्हटलं, तू म्हणत होतास तेच निघालं. त्याने विचारलं, काय होतं? मी म्हणालो, "कचरा व्हता."
फोन ठेवला आणि चरकलो. पूजेच्या नाड्याला कचरा म्हणालो. देवघरात जाऊन हात जोडले. सौ.ने विचारलं, आज काय एवढं? म्हटलं, असंच.

१३ ऑक्टो., सोम.
शेठ संध्याकाळी नारळ, फुलं आणि नाड्याचं नवं कोरं रीळ घेऊन आला. उद्या पासिंग, देवाचं करायला हवं. वाकून म्हणतो, "खालतेच बांधू ना? जठे दुखनं तठेच."
मी आडवा आलो. म्हटलं, खाली नको, आरशाला बांधा. शेठ म्हणाला, काबरं? म्हटलं, खालचं हलतं. स्टिअरिंगला? नको, तेही हलतं. दाराला? तेही हलतं.
"मंग हाली ना अशी कोनती जागा शे या गाडीमां?"
सांगावंच लागलं. सगळं. सात वेढ्यांसकट.

शेठ आधी ऐकत राहिला. मग टायरवर बसला आणि पोट धरून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सौ. परात घेऊन उभी होती. ती हसली नाही. म्हणाली, "मी तं कालदिनच देखं. शर्ट धोवाले टाका, खिसामां नाडा."
"मंग बोलनी काबरं नई?"
"तुम्ही बोलतात का ते देखी ऱ्हायंती."
शेठने माझा उजवा हात ओढला आणि नाडा मनगटाला बांधला. "आते हाऊ हात देखीसन काम करी."
रमेशला पुन्हा फोन केला, खरं सांगितलं. तो म्हणाला, "नाना, मन्हाकडथाईन बी एकदाव व्हयेल शे." खोटं बोलला. पण बरं वाटलं.

१४ ऑक्टो., मंगळ.
पासिंग. साहेब तरुण, टेप घेऊन आलेला. चारही कोपरे जमिनीपासून मोजले. मागचे दोन्ही सारखे, एका सुताचाही फरक नाही. गुडघ्यावर बसून पाटे पाहिले, फुगे पाहिले.
"एवढ्या जुन्या गाडीचं सस्पेन्शन असं पाहिलं नव्हतं. कुणी केलं?"
"मी," म्हटलं. मनगट मागे घेतलं.
शेठने माझ्या पाठीवर थाप मारली. साहेब आत चढले, सीटवर बसले, म्हणाले, वायपर लावा.
ड्रायव्हरच्या बाजूचा वायपर एकदा वर गेला आणि तिथेच राहिला.
मी वायपरकडे पाहिलंच नव्हतं. अकरा दिवस फक्त खाली बघत होतो. साहेबांनी लिहिलं: वायपर दुरुस्त करून अठ्ठावीसला पुन्हा आणणे.

घरी आलो तर संदीपचा फोन. स्पीकरवर. वायपरचं सांगितलं. "पप्पा, नापास ना मंग? शब्द देल शे तुम्ही. दिवायीले येस, तुम्हले दोन्हीसले लई जास."
शब्द दिला होता. हो म्हणायला तोंड उघडलं.
सौ.ने फोन हातातून घेतला.
"शब्द तुन्हा बापनी दिधा. माले कोनी इचारं का?"
मग तिनेच पुढे सांगितलं.
"वायपर बाकी शे अजून. दिवायीले तू ये, पोऱ्याले लई ये. आम्ही कोठे येऊत?"
आणि बंद केला. मला वाटत होतं तिला जायचंय. चाळीस वर्षांत तिला कधी विचारलं नाही, हे खरं. लाज वाटली. आनंदही झाला, तो जास्त.

१५ ऑक्टो., बुध.
संदीपचा मेसेज. येतोय. मोठी गाडी घेऊन येतोय, सामान मावेल अशी. ऐकणारा नाही तो, माझ्यावर गेलाय.
सौ.ने मेसेज मोठ्याने वाचला. मग शेडच्या दारात येऊन उभी राहिली.
"वायपरनं किती काम शे?"
"दोन तासनं."
"मंग सावकाश करा. दिवायी व्हऊ द्या."
मोटर खोलली. आतले कार्बनचे ब्रश झिजलेत. शहाद्यात मिळतात. उद्या जाईन. किंवा परवा.