वरच्यांचा घास

१८ एप्रिल, शुक्रवार

आले बाई एकदाची सासरी! बोदवडहून निघताना आई बडबडत होती, दिपमाला, चौतिसाव्या वर्षी लग्न, तेही बिजवराशी, निदान घर तरी नीट बघायचं होतंस. आता तिला कसं सांगू, की घर छान आहे, फक्त पुढच्या आठवड्यात त्याला छप्पर नसेल.

गाव शिरपूरहून सातपुड्याकडे जाताना लागतं. एका अंगाला केळी, दुसऱ्या अंगाला कापूस उपटून मोकळी केलेली रानं. घर तीन खोल्यांचं, पक्क्या विटांचं आणि वर धाबं. म्हणजे सागाच्या तुळया, त्यावर फळ्या, त्यावर हातभर माती. दर उन्हाळ्यात वर चढून खारी माती पसरायची, नाहीतर पावसाळ्यात ताटात चिखल. यंदा ते काढून स्लॅब टाकायचा, हे मी लग्नाआधी फोनवरच कबूल करून घेतलं. लोक हुंडा मागतात, मी स्लॅब मागितला. लीलाधर हसले आणि हो म्हणाले.

घरात माणसं तीन. हे, सासरे झुलाल आबा आणि सहा वर्षांची भूमिका. तिची आई सुलक्षणा तीन वर्षांपूर्वी गेली. भूमिका मला मावशी म्हणते आणि हात लावला की अंग चोरते. मला ती हवी आहे, हे स्वच्छच लिहून ठेवते. नवऱ्याचं काय, निभावून नेता येतं. ही पोर एकदा मला मम्मी म्हणाली की मी या घरची झाले.

२२ एप्रिल, मंगळवार

रुपचंद मिस्त्रीने आज धाबं उकलायला घेतलं. आबांच्या मनात नव्हतं, आठवड्यावर अक्षय्य तृतीया, म्हणजे इकडची आखाजी, आली होती. "आखाजी व्हई जाऊ दे, मंग उकल," असं त्याला दोनदा म्हणाले. मीच मध्ये पडले. आखाजीनंतर मजूर लग्नसराईत पांगतील, आणि पाऊस काय आपल्यासाठी थांबणार आहे? आबा उठून ओट्यावर गेले. नव्या सुनेशी कोण वाद घालणार!

गावात भाड्याची खोली मिळेना, म्हणून राहणं इथेच. ज्या खोलीची माती काढतात तिथून आमची वरात पुढच्या खोलीत. गहू, गाद्या, देव, टीव्ही, सगळं एकाच ताडपत्रीखाली. वरणात माती, दातांत माती. मी आईला फोनवर म्हटलं, तुझ्या जावयाने मला मातीमोल केलं. ती हसली नाही.

२७ एप्रिल, रविवार

माती संपली, फळ्या निघाल्या. आता डोक्यावर नुसत्या तुळया आणि वर आभाळ. ज्या फरशीने कधी ऊन पाहिलं नव्हतं तिच्यावर दिवसभर तुळयांच्या सावल्या सरकतात. पारा चव्वेचाळीसवर. मी खाट ओढत एका सावलीतून दुसऱ्या सावलीत जाते.

शेजारच्या भागाबाई अक्का ताक घेऊन आल्या. सुलक्षणा कशी गेली ते त्यांच्याकडून कळलं. मला इतकंच सांगितलं होतं की ऊन लागलं. ऊन लागलंच, पण धाब्यावर. ती खारी पसरायला चढली होती आणि घरातल्याच कुणीतरी शिडी उचलून केळीच्या बागेत नेली. आबा बाहेरगावी, गल्ली दुपारची झोपलेली. तिने हाका मारल्याच असतील. संध्याकाळी शिडी परत आली तेव्हा ती वरच होती.

शिडी कोणी नेली, हे अक्कांनी सांगितलं नाही. मी यांना विचारलं. ते जेवत होते, ताटावरून उठले.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

घागर भरली, पुरणपोळ्या केल्या, आमरस केला. आबांनी पितरांच्या नावाने निखाऱ्यांवर आगारी, म्हणजे तूप आणि पोळीचा तुकडा, टाकली. या घराची रीत अशी, की पितरांचा घास धाब्यावर ठेवायचा, कावळ्याला हाक मारायची आणि मागे न बघता उतरायचं. आज धाबंच नाही. आबा म्हणाले, शिडीवर चढून भिंतीच्या माथ्यावर ठेव. साडी सावरत शिडी कोण चढणार? आभाळ तर घरातच आलंय, असं म्हणून मी पान मधल्या खोलीत फरशीवर वाढलं.

भूमिका दारात उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत तिच्या आईचा मान करावा, तिला बरं वाटेल, असं मनात आलं. मी हात जोडून मोठ्याने म्हटलं, सुलक्षणाताई, तुमचंच घर आहे, खाली या, पोटभर जेवा.

आबांच्या हातातला तांब्या पडला. "वर शेतस त्यास्ले वरच जेवाडतस. खाले कोनी बलावत नही," वर आहेत त्यांना वरच जेवू घालतात, खाली कोणी बोलवत नाही, एवढंच म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. ते दिवसभर जेवले नाहीत. मला राग आला आणि लाजही वाटली. चार वाजता पान पाहिलं तर स्वच्छ होतं. मांजर असेल.

२ मे, शुक्रवार

लिहू की नको.

दुपारी बारा वाजता मधल्या खोलीत धुणं वाळत घालत होते. फरशीवर तुळयांच्या सावल्या, रोजच्याच. मधल्या तुळईच्या सावलीवर एक सावली बसलेली होती. पाय खाली सोडलेले, पदर डोक्यावर, एक हात कपाळाशी, उन्हात लांबचं बघताना धरतो तसा. वर पाहिलं तर तुळई मोकळी. खाली पाहिलं तर तो हात हळूच कपाळावरून उतरला.

मी अंगणात पळाले. रुपचंद मिस्त्रीला म्हटलं, या तुळया आजच्या आज उतरव. तो म्हणाला, वहिनी, उद्या उतरवतो, काय घाई आहे.

५ मे, सोमवार

तुळया गेल्या. आता नुसत्या भिंती आणि ऊन. सावली पडायला काही उरलेलंच नाही, म्हणून मी निश्चिंत होते. म्हणजे होईन असं वाटलं होतं. एका जागी बसवत नाही. सारखी या खोलीतून त्या खोलीत फिरते.

भूमिका हसायला लागली आहे. जेवते, वेणी घालून घेते. वेणी मी घातलेली नाही. कोणी घातली विचारलं तर माझ्या खांद्यामागे बघून गालात हसते.

आणि अक्का आज माझं कौतुक करून गेल्या. सकाळी चुलीपाशी मी आखाजीचं गाणं म्हणत होते म्हणे, अगदी इथल्या बोलीत. "आते तू आमनी व्हयनी," म्हणाल्या. मला त्यातलं एकही गाणं येत नाही. सकाळी मी केळीच्या बागेत होते.

८ मे, गुरुवार

सेंट्रिंग ठोकलं. सगळ्या खोल्यांत लाकडी टेकूंची दाटी, वर लोखंडी पत्रे. दिवसा अंधार. या अंधारात कोणीतरी माझ्याआधी चहा ठेवतं. माझ्या कपाला ओठ लागलेले असतात.

यांना दोन हाका मारल्या. वळले नाहीत. तिसरी अगदी कानाशी मारली. मग दचकून म्हणाले, तू तर आत्ता आत भाकरी थापत होतीस ना?

मी आबांचे पाय धरले. काय करू, विचारलं. ते रडले. म्हणाले, ज्या वाटेने बोलावलं त्याच वाटेने पाठवावं लागतं, स्लॅब पडायच्या आत भिंतीच्या माथ्यावर पान ठेव आणि वर जा म्हण. पण ती जाणार नाही, असंही म्हणाले. तीन वर्षं उन्हात बसलेलं माणूस सावलीतून का उठेल? शिडी लीलाधरने नेली होती, हेही त्यांनीच सांगितलं.

९ मे

पान ठेवलं. म्हटलं, ताई, माझं चुकलं, वर जा. कावळा आला नाही. पान तसंच.

खालून, टेकूंमधून, बांगड्या वाजल्या. माझ्या हातात आज बांगड्या नव्हत्या —

११ मे, रविवार

पहाटेपासून स्लॅब. मिक्सरचा आवाज, वीस माणसं, नारळ फोडला. यांना म्हटलं उजेडासाठी एक चौकोनी भोक तरी ठेवा. पावसाचं पाणी येईल म्हणाले. जिना पुढच्या वर्षी.

दहा वाजता शेवटची पाटी पडली. वाट बुजली. ती आत आहे.

सगळ्यांना जिलेबी वाटली. कोणी वाटली? मी नाही. भूमिकाने मला दिली नाही. माझ्यासमोरून गेली, हात लांब केला तरी —

१३ मे, मंगळवार

खाली मला कुठेच जागा नाही. खाटेवर कोणीतरी निजून उठल्यासारखं असतं. म्हणून सकाळी स्लॅबला पाणी मारायला मीच चढले. वही कमरेला खोचून आणली. मातीचे बांध घातलेत, त्यात घोटाभर पाणी. बरं वाटलं. किती दिवसांनी जरा बरं वाटलं.

शिडी नाही.

लीलाधर शिडी खांद्यावर घेऊन बागेकडे जाताना दिसले. हाक मारली. खूप मारल्या. ओट्यावर आबा आहेत. त्यांनी वर पाहिलं, मग डोळे पुसले आणि आत गेले. उडी मारावी तर खाली सळयांचे तुकडे.

बारा वाजले. बांधातलं पाणी तापलंय. पाण्यात आभाळ दिसतं, मी दिसत नाही.

खाली स्वयंपाकघरात माझा आवाज. माझाच. भूमिकाला जेवायला बोलावतोय. आणि ती म्हणाली — मम्मी, आले.

मम्मी म्हणाली. मी नाही, तिला —

भूमिका अंगणात आली. हातात पान आहे. पुरणपोळीचा घास. आज कसला सण? ओट्याच्या कठड्यावर चढून, टाचा उंचावून स्लॅबच्या कडेवर ठेवला. कावळ्याला मारतात तशी हाक मारली. मग हळूच म्हणाली, मावशी, घास.

मागे न बघता उतरली. कोणी शिकवलं तिला.

भूमिका, बेटा, एकदाच वर बघ. एकदाच म्हण. मोठ्याने म्हण, नाव घेऊन म्हण, दिपमाला, खाली —