उतारावरची चावी

घाटकोपर-अंधेरीच्या टॅक्सीवाल्यांनो, पेट्रोल एका रात्रीत महागतं आणि मीटरचं भाडं वाढायला वर्ष जातं, हे दुखणं आपल्या सर्वांचं. त्यावर मी सभा गाजवल्या. म्हणून हे मृत्युपत्र घरच्यांइतकंच तुमच्यासाठी आहे. माझ्या मरणाची वाट न पाहता, माझा साक्षीदार आणि आपल्यातलाच टॅक्सीवाला रामनाथ याने ते आजच स्टँडवर मोठ्याने वाचावं.

मी, सहदेव गुणाजी घाडीगावकर, वय ५६, राहणार भटवाडी, घाटकोपर. परवा हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोकं ठिकाणावर आहे, कुणाचा दबाव नाही, अक्षर माझंच आहे.

१. राहती खोली पत्नी जानकी हिची. माझी निम्मी भाषणं तिने तिथेच ऐकली, जेवण गार होईपर्यंत.

२. पुस्तकांच्या दोन ट्रंका युनियनच्या कचेरीला. समासातल्या माझ्या शिव्या खोडू नयेत.

३. बँकेतली शिल्लक कै. दशरथच्या पत्नी सुगंधावहिनी यांना. कारण पुढे.

४. १९८० साली मी घोषणा दिली, "चढ पेट्रोलचा, उतार आपला!" उतार लागला की न्यूट्रल टाका, चावी बंद करा. टाळ्या पडल्या. स्टँडच्या भिंतीवर ती ओळ लाल रंगात रंगवली गेली. पुढच्याच वर्षी माझा मित्र दशरथ भरल्या गाडीने असल्फ्याच्या उतारावर तसाच सुटला. इंजिनाचा आवर नाही, सारा भार ब्रेकवर. ते तापले आणि धरेनात. मी तिथे पहिला पोचलो. चावी बंद होती. पोलीस यायच्या आत मी ती फिरवून चालू करून ठेवली, माझ्या घोषणेवर बोट येऊ नये म्हणून.

शोकसभेत गरजलो, की मेकॅनिक धोंडूने ब्रेक नीट बसवले नव्हते. त्याचं गॅरेज बसलं. एकदा तो दारात आला. "सहदेवा, माझ्या तोंडाकडे बघून सांग रे, ब्रेक खराब होते?" मी दार लावलं.

ब्रेक चांगले होते. खोटा मी.

५. माझी पान्यांची पेटी धोंडूला. ही भरपाई नव्हे.

६. टॅक्सी परमिटसकट मुलगा चंद्रप्रकाश याला, पण अटीवर. काल मी मागच्या सीटवर होतो. तोच उतार आला आणि त्याने चावी बंद केली.

"चंदू, चालू कर!"

"बाबा, लाइन तुमचीच ना? आता का ओरडता?"

कलम चार हे त्याचं उत्तर. पुन्हा तसं करताना रामनाथला दिसला, तर टॅक्सी सुगंधावहिनींची.

पेट्रोल जरूर वाचवा. टायरची हवा दर आठवड्याला बघा, क्लचवर पाय ठेवून चालवू नका, लांबून लाल दिवा दिसला की ॲक्सिलरेटर सोडा, स्टँडवर उभे असाल तर इंजिन बंद ठेवा. उतारावर मात्र गाडी गिअरमध्ये आणि चावी चालू.

भावांनो, चंदूची दुपारपाळी दोनला सुरू होते. त्याच्या आत चुन्याची बादली घ्या आणि भिंतीवरची माझी ओळ पुसून टाका.

घाटकोपर, १४ फेब्रुवारी १९८३
सही: सहदेव गुणाजी घाडीगावकर

आमच्यासमोर सही केली, म्हणून साक्षीदार:
१. रामनाथ कमलाकर तोरस्कर, टॅक्सीचालक
२. शुभा विनायक राणे, शेजारी