सहाच्या जागी साठ

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (टेबलाखालची वायर शोधायला आडवी झालेच होते, त्यातच घातला.) गुडघा कसा आहे? मामी जिना चढू देतात का? मेल केला होता, पण तुमच्याकडून "निवृत्त झालो आहे, आनंदात आहे" असं आपोआप उत्तर येतं. नऊ वेळा आलं. तुमच्या आनंदाची खात्री पटल्यावर कागद घेतला.

मी रक्तपेढीच्या शीतकपाटांसाठी ड्रायव्हर लिहितेय, हे आईने सांगितलं असेलच. (म्हणजे कपाटातलं यंत्र आणि संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नल, यांचं बोलणं घडवून आणणारा प्रोग्रॅम.) कपाट सहा अंशांच्या वर गेलं की भोंगा वाजला पाहिजे. तिथल्या तंत्रज्ञ बाई सध्या दर तासाला बारा कपाटांचे आकडे हाताने लिहितात, हातातला घास ठेवून उठतात. कर्नलच्या येत्या आवृत्तीत तुमचा भोंगा येणार म्हणजे येणार, असा मी त्यांना शब्द दिलाय.

ड्रायव्हर चालत होता हो! आठवडाभर भोंगा शिस्तीत वाजला. मग तो तपासणीला यादीवर, म्हणजे कर्नलवाले सगळे वाचतात त्या मेलच्या यादीवर, पाठवला. तिथल्या तपासनिसांनी (आम्ही त्यांना हेडमास्तर म्हणतो) चारशे ओळी वाचून एकच शेरा मारला: वर जोडलेल्या हेडर फाइली वर्णानुक्रमाने लावा. (हेडर म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी नावं आणि आकडे ठेवलेली फाइल.) एवढंच ना? लावल्या. दोन ओळींची अदलाबदल, पाच सेकंदांचं काम, त्यासाठी पुन्हा चाचणी कोण घेतो! पण कशी कोण जाणे, मला बुद्धी झाली. कपाटात पाण्याच्या पिशव्या भरल्या, दार सताड उघडलं आणि समोर स्टुलावर बसले. सात अंश. दहा. अठरा. भोंगा ढिम्म. बावीस अंशांवर पिशव्यांना घाम सुटला आणि मलाही. त्या पिशव्यांत रक्त असतं तर, मामा!

झालं होतं असं. (हे मामींसाठी, कारण पत्र त्याच आधी फोडतात. मामी, मॅक्रो म्हणजे आकड्याला ठेवलेलं नाव. ते नाव दिसेल तिथे पुसून कंपायलरपुढे आकडा ठेवला जातो. कोणी ठेवलं, कशाला ठेवलं, कोणी विचारत नाही.) चिपवाल्या कंपनीच्या हेडरमध्ये 'टेम्प_मॅक्स' म्हणजे सहा, कपाटाचं तापमान. हे सगळं ज्यावर चालतं त्या, तुम्ही बनवलेल्या बोर्डाच्या हेडरमध्येही 'टेम्प_मॅक्स', पण म्हणजे साठ, बोर्ड किती तापू द्यायचा ते. आणि दोन्हींत त्या ओळीवर अट: हे नाव आधी कोणी घेतलं असेल तर आपण गप्प बसावं. त्यामुळे जो आधी आला त्याचं राज्य, आणि दुसऱ्याने हूं की चूं करायचं नाही. इंग्रजी वर्णानुक्रमाने आपल्या बोर्डाचं हेडर वर गेलं आणि भोंगा साठ अंशांची वाट बघत बसला.

आधी वाटलं, जुना क्रम ठेवून शेजारी 'हात लावू नये' असं लिहावं. हेडमास्तर म्हणाले, पुढे कोणी नीटनेटका माणूस येईल आणि परत वर्णानुक्रमाने लावेल. (मनात म्हटलं, ते तुम्हीच.) मग दोन हेडरच्या मधे नाव पुसून पाहिलं. तेही नापास. चिपवाल्यांना लिहिलं, तर त्यांचं नाव हजारो गिऱ्हाइकांकडे गेलंय, ते हलणार नाहीत. म्हणून चंग बांधला, आपल्या हेडरमधलंच नाव बदलायचं. 'बोर्ड_टेम्प_मॅक्स'. ते दोनशे चौदा ठिकाणी होतं. तीन दिवस बसून एकेक बदललं, प्रत्येक फाइल वेगळी कंपाइल करून पाहिली. नाव आखूड असावं, नाहीतर बोटं झिजतात, हे तुमचं म्हणणं ठाऊक आहे. झिजू देत. बोटं माझी आहेत.

मामींना नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुमची हट्टी भाची

ता. क. पत्र गुडघ्याच्या चौकशीसाठीच होतं, पण कागद उरलाय म्हणून सांगते. बोर्डाच्या हेडरचे सांभाळकर्ते म्हणून अजून तुमचंच नाव आहे. तुम्ही मंजूर म्हटल्याशिवाय हेडमास्तर बदल घेणार नाहीत. आठ दिवसांत या खेपेचे बदल घेणं बंद होतं, मग थेट दहा आठवड्यांनी. तोवर बाई घास ठेवून उठतच राहणार. कॉम्प्युटरवरचं कापड आजच्या आज काढा.

आणखी ता. क. आपल्या हेडरमध्ये ती गप्प बसायची अट कोणी घातली, ते शोधून त्याला फाडून खायचं ठरवलं होतं. जुन्या नोंदी काढल्या. सहा वर्षांपूर्वी शिकाऊ असताना मीच घातली होती. नाव दोनदा आलं म्हणून कंपायलर ओरडत होता; त्याचं तोंड बंद केलं आणि घरी गेले. खाली तुमची मंजुरी आहे, "वाचलं, उत्तम". मी पाठवल्यापासून एका मिनिटात. मामा, भाचीचं आहे म्हणून तुम्ही वाचलंच नव्हतं. या वेळी दोनशे चौदाच्या दोनशे चौदा जागा वाचा. चूक दिसली तर यादीवर, सगळ्यांसमोर, नामंजूर म्हणा. मी रडेन, दुरुस्त करीन आणि त्याच दिवशी परत पाठवीन.