तुझे केस, माझं टक्कल आणि तीन घरफोड्या

तीर्थस्वरूप मावशीस,

बिनकेसांचं डोकं तुझ्या पायांवर ठेवून नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं तरी तू चढतेसच, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही. परवा फोनवर ‘माझे केस आजवर गळलेले नाहीत’ असं ठणकावून तू फोन आपटलास, तेव्हा उरलेलं आता पत्रातून ऐक. पत्र आपटता येत नाही.

माझं काम तुला माहीत आहेच (आणि शेजारणींना तू ‘मोठ्या दवाखान्यात असतो’ असं सांगतेस, हे मलाही माहीत आहे). चोरी झाली की तिथे सापडलेले केस आमच्या प्रयोगशाळेत येतात आणि ते कुणाचे, हे मी डीएनएवरून शोधतो. गळलेल्या केसाला बहुतेक वेळा धड मूळ नसतं, त्यामुळे त्यातून हाती लागतो तो आईकडून आलेला डीएनए. तो आई, मावशी, भाचा, सगळ्यांचा सारखाच. हे वाक्य नीट वाच, माझ्या डोक्याचा ताप इथूनच सुरू होतो.

गेल्या महिन्यात तीन घरफोड्यांच्या नमुन्यांत एकसारखा केस निघाला. हातभर लांब, टोकाला काळाभोर, वर पांढरा. पोलीस हरखले. तिन्ही घरं फोडणारी एकच बाई, तीही केस रंगवणारी, असं ठरलं आणि आठ दिवस चार हवालदार पार्लरं धुंडाळत फिरले. मग साहेबांनी तो डीएनए आम्हा कर्मचाऱ्यांच्या नोंदींशी ताडून पाहिला. जुळला तो माझ्याशी. साहेबांनी अहवाल पाहिला, मग माझं डोकं पाहिलं, मग पुन्हा अहवाल पाहिला. हातभर केस, मावशी. माझ्याकडे बोटभर नाही.

तेव्हा मला तू विणून दिलेला स्वेटर आठवला. यंत्रांसाठी आमची खोली गारठून टाकलेली असते, म्हणून मी (नियम मोडून) कोटाच्या आत तो घालतो. साहेबांसमोर भिंगाखाली धरला, तर नुसत्या डाव्या बाहीत तुझे अकरा केस विणलेले निघाले. टाके इतके घट्ट, की एकेक चिमट्याने ओढावा लागला. जे सैल होते, ते आधीच नमुन्यांत गळून पडले होते. केस मोकळे सोडून टीव्हीसमोर विणायला बसतेस, दुसरं काय होणार.

आता स्वेटर सीलबंद आहे, मला नमुन्यांच्या खोलीत बंदी आहे आणि सोमवारी चौकशी आहे. वीस वर्षांत माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं गं. फार लागलंय मनाला. तू विणलेलं काहीही यापुढे मी अंगाला लावणार नाही, आणि हे मी शांतपणे लिहितोय असं समजू नकोस.

तुझा कुडकुडणारा भाचा

ता. क. कंगव्यातले दहा केस पाकिटात घालून पाठव आणि सोबत ‘माझे केस गळतात’ एवढं एकच वाक्य सहीनिशी लिहून दे. तुझ्या हट्टापायी माझी नोकरी जाईल. चिठ्ठी कुणाला दाखवणार नाही (चौकशी समितीचे पाच जण सोडून).

आणखी एक ता. क. सील करण्याआधी साहेब स्वेटर बराच वेळ हातात धरून बसले होते. थंडी त्यांनाही वाजते. त्यांचं माप मागच्या बाजूला लिहिलंय, छाती चव्वेचाळीस, रंग करडा. माझं माप तुझ्याकडे आहेच. माझा विणताना डोक्याला एक रुमाल बांध, साहेबांचा विणताना दोन. त्यांच्या स्वेटरमधून केस निघाला, तर तोही माझ्याच नावावर लागेल.